गव्हाणेकाकूंचे आडवे व्हिडिओ

“काकू, आज परत आडवा आलाय!”

मी माझा मोबाइल गव्हाणेकाकूंच्या डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर काकू भिंतीला आडव्या चिकटवल्यासारख्या दिसत होत्या आणि काकांचा लुळा पडलेला उजवा हात छतातून खाली लोंबल्यासारखा. चित्र सरळ दिसावं म्हणून मी मोबाइल फिरवला, तर चित्रही सोबत फिरलं. परत उलटा फिरवला, ते परत फिरलं.

“बघा. मी जिकडं जाईन तिकडं हे माझ्या मागं. मान मोडली माझी तुमचे व्हिडिओ बघून.”

“मी सरळच ठेवते की हो मॅडम,” काकू ओशाळून म्हणाल्या. “आडवा कसा होतोय, कळंना झालंय मला. माझ्या फोनवर पण असाच दिसतोय. मी तर पुढं लावून बघतच नाही. चालू करते, ह्यांच्या डाव्या हाताशी ठेवते, व्यायाम झाला की बंद करून तुम्हाला पाठवते.”

“मग एखादा स्टँड आणा.”

“आणते,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी तो आणला नाही. पाठीच्या दुखण्यानं त्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा जात नव्हत्या, हे मला माहीत होतं. तरी मी पुढच्या वेळी परत रागावले.

ही नऊ वर्षांपूर्वीची, बार्शीतली गोष्ट. घरोघरी जाऊन फिजिओथेरपी द्यायला लागून मला दीड वर्ष झालं होतं. वय सत्तावीस, स्कूटर नवी, जिभेला धार. माझा एक नियम होता. ज्या दिवशी मी जाणार नाही त्या दिवशी घरच्यांनी पेशंटकडून व्यायाम करून घ्यायचा आणि बारा वाजायच्या आत मला त्याचा व्हिडिओ पाठवायचा. खांदा किती वर जातोय, कोपर किती सरळ होतंय, हे मी त्यावरून बघायची. अख्खा व्हिडिओ बघायला सवड कुणाला होती? बोटानं मधोमध ओढायचा, चार-पाच सेकंद बघायचं, ‘ठीक’ म्हणून कळवायचं आणि पुढच्या घरी जायचं.

गव्हाणेकाकांना ओळखत नाही असं बार्शीत लग्न झालेलं घर सापडणं अवघड. तीस वर्षं त्यांनी लग्नांचं शूटिंग केलं. पुढच्या खोलीबाहेर ‘शालन व्हिडिओ शूटिंग’ ही पाटी अजून होती; शालन म्हणजे काकू. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्नही त्यांनीच शूट केलं होतं. त्यांची कॅसेट कायम गणपतीपासून सुरू व्हायची. मंडपातल्या गणपतीवर कॅमेरा इतका वेळ थांबायचा की आमचे वडील म्हणाले होते, “गव्हाणे, लग्न आमच्या मुलीचं आहे का गणपतीचं?” त्यावर काका म्हणाले होते, “देवाला दाखवल्याशिवाय मी कुणाचंच लग्न लावत नाही.” मग कॅमेरा हळूहळू खाली माणसांवर यायचा. आणि शेवटी पाठवणीला नवरीच्या चेहऱ्यावर येऊन थांबायचा. नवरी रडो, पदराआड जावो, गाडी हलेपर्यंत तो तिथून हलायचा नाही. ताई अजूनही ती कॅसेट लावली की तो शेवटचा भाग पुढे पळवते.

तोच माणूस चार महिन्यांपूर्वी आंघोळीला जाताना कोसळला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात चांगला होता, पण त्या हातानं काका काही करत नसत. चमचा दिला तर नुसता धरून बसत, तोंडाकडे नेत नसत. पलंगावर उशांना टेकून समोर बघत राहत. समोरच्या भिंतीवर मागच्या वर्षीचं गणपतीचं कॅलेंडर होतं. चित्र चांगलं म्हणून काकूंनी ते काढलं नव्हतं. वारं लागू नये म्हणून पलंगामागची खिडकी चार महिने बंद होती. त्या खोलीत दिवसासुद्धा संध्याकाळ वाटायची.

त्या मंगळवारी मी व्यायाम आटोपून आवराआवर करत होते, तेवढ्यात सुहासचा फोन आला. सुहास त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात नोकरीला. काकूंनी फोन माझ्याकडे दिला.

“मॅडम, मी रविवारी गाडी घेऊन येतोय. पुण्याच्या पुढं अशा पेशंटना सांभाळणारं एक केंद्र आहे, तिथं पप्पांची सोय केलीय. तुमचा रिपोर्ट लागेल. फॉर्म आईच्या मोबाइलवर पाठवलाय.”

“काकूंचं काय?”

“आईला मी माझ्याकडं नेणार. तिची पाठ बघितलीत ना तुम्ही? रोज सत्तर किलोचा माणूस उलटापालटा करतेय. अजून सहा महिने असं चाललं तर मला दोघांनाही उचलावं लागेल.” त्याचा आवाज थोडा उतरला. “फक्त एक आहे. त्या लोकांकडं दोन विभाग आहेत. ज्यांना समजतं त्यांचा वेगळा, ज्यांना काहीच समजत नाही त्यांचा वेगळा. दुसऱ्यात महिन्यातनं एकदाच भेटू देतात. तर तुम्ही मला खरं सांगा. ह्यांना काही कळतं का?”

“मी आज तपासते आणि लिहून देते,” मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, “मॅडम, माझं पण ऐका. ह्यांना मी ओळखू येत असले ना, तर मी ह्यांना कुठं पाठवणार नाही. पाठ मोडू दे नाहीतर काहीही होऊ दे. पण कळतच नसलं, तर मग पोराला कशाला त्रास? त्यानं म्हटलं तिथं ह्यांना ठेवू. तुम्ही सांगाल तसं.”

तर असं होतं. सगळं माझ्यावर आलं होतं आणि मला त्याचं ओझंही वाटलं नाही. तपासायचं कसं, ते मला चांगलं ठाऊक होतं.

मी पलंगापाशी खुर्ची ओढली. “काका, डोळे मिटा.” काकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. “जीभ दाखवा. डावा हात वर करा.” काही नाही. मी पेन आणि घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. “ह्यातलं घड्याळ कुठलं?” त्यांनी पेनाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे. “ह्या कोण?” मी काकूंना पुढे केलं. “ह्या कोण आहेत, काका? तुमच्या बहीण का?” काकूंनी पदर सारखा केला आणि शाळेत तोंडी परीक्षेला उभं राहावं तशा त्या उभ्या राहिल्या. काकांची नजर त्यांच्यावरून घसरून पलंगावर पडलेल्या मोबाइलवर गेली.

काकूंच्या मोबाइलवर बघून मी फॉर्म कागदावर उतरवला आणि भरला. सूचना पाळतो का: नाही. वस्तू ओळखतो का: नाही. नातेवाइकांना ओळखतो का: नाही. आकलन: नाही. खाली सही केली.

“मॅडम,” काकूंनी विचारलं, “मी कळते का त्यांना? एवढंच सांगा.”

“नाही, काकू.”

मी हे काकांच्या पायाशी उभं राहून, नेहमीच्या मोठ्या आवाजात सांगितलं. बाजूला तरी न्यायचं त्यांना. तेही मला सुचलं नाही.

“बरं,” काकू म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. कप घेऊन आल्या तेव्हा त्यांनी हसायचा प्रयत्न केला. “सुहास म्हणत होताच. आणि मलाही दिसतंय की. व्यायाम घेताना मी इकडं ह्यांचा हात वर-खाली करायलेय आणि ह्यांचं सगळं ध्यान त्या मोबाइलकडं. माझ्याकडं एकदा बघत नाहीत.”

“उजेड असतो ना स्क्रीनचा. लहान बाळंही तशीच बघतात.”

“तसं म्हणाल तर हे पहिल्यापासून असेच,” काकू म्हणाल्या. “आमच्या लग्नात फोटोवाला चुकीच्या जागी उभा होता म्हणून ह्यांचं लक्ष तिकडं. अंतरपाट कधी निघाला, ह्यांना पत्ता नाही. आत कपाटात साडेतीनशे लग्नाच्या कॅसेटी आहेत बघा. माझी एक नाही. कधी म्हटलं, अहो माझं पण काढा की, तर म्हणायचे, घरचंच माणूस, कधीपण काढता येतंय.”

मी चहा फुंकत होते.

“आणि अलीकडं लग्नात पाव्हणेमंडळी आपले फोन काढून शूटिंग करायला लागली ना, की ह्यांचा जीव खालीवर. उभा धरतात म्हणून! ‘अहो आडवा धरा, बाजूची माणसं कापली जायलीत!’ ओरडायचे. एकदा तर नवरदेवाच्या मामाशी मारामारीच व्हायची वेळ आली.”

मी हसले, कप ठेवला आणि निघाले. हे सगळं मी ऐकलं होतं, हे मला मुद्दाम सांगायचंय.

बुधवारी काकूंचा व्हिडिओ आला. परत आडवा. मी मधोमध ओढला तर त्यात हातच नव्हते, नुसता काकूंचा आडवा चेहरा. मी स्कूटरवर बसल्याबसल्याच लिहिलं, ‘काकू, आज हात दिसतच नाहीत. व्यायाम बघायचा आहे, तुम्हाला नाही.’ काकूंचं उत्तर आलं, ‘चुकले मॅडम’.

शनिवारी दुपारी सुहासचा निरोप आला. केंद्रानं फॉर्मसोबत पेशंटचा एक ताजा व्हिडिओ मागितला होता, सध्याची परिस्थिती कळावी म्हणून. माझ्याकडे सहा आठवड्यांचे बावीस व्हिडिओ होते आणि जवळजवळ सगळे आडवे. असला व्हिडिओ पाठवला तर तिथले डॉक्टर मला काय म्हणतील, ह्या विचारानं मी तो सरळ करायच्या मागे लागले. ऑटो रोटेट चालू केलं, बंद केलं. दुसरा प्लेअर उतरवून घेतला. त्यात चित्र फिरवायचं बटण होतं, पण त्यानं फिरवलेलं चित्र दोन्ही बाजूंनी कापून मोठं केलं, काकूंचं फक्त नाक उरलं. तिसऱ्यात आधी जाहिरात, मग चित्र सरळ, आणि मागे येऊन परत लावलं की पुन्हा आडवं. शेवटी वैतागून मी एक व्हिडिओ मोबाइल दुरुस्तीवाल्या इरफानभाईंना पाठवला आणि त्यांना फोन लावला.

“मॅडम, किती पण प्लेअर बदला, उपयोग नाही,” इरफानभाई म्हणाले. “तुमच्या फोनचा दोष नाही. रोटेशन लॉक करा आणि फोनच आडवा करून बघा. सरळ दिसेल.”

“पण मुळात असा आडवा येतोच कसा?”

“चालू करताना फोन पडलेला असणार. गादीवर वगैरे, सपाट. तेव्हा त्याला वर-खाली काय कळत नाही, तो उभा म्हणून धरून चालतो. मग चालू झाल्यावर कुणीतरी उचलून आडवा धरला. एकदा रेकॉर्डिंग सुरू झालं की तो परत बघत नाही आपण कसे आहोत ते.”

“आडवा कोण धरणार? त्या बाईंनी तो नुसता टेकवून ठेवलेला असतो.”

“टेकवलेला नाही, मॅडम.” पलीकडे तो व्हिडिओ चालू असल्याचा आवाज येत होता. काकू आकडे मोजत होत्या. “हा सरकतोय बघा ना. सावकाश सरकतोय. कुणाच्या तरी हातात आहे. आणि ज्यानं धरलाय ना, हात चांगला आहे त्याचा.”

मी फोन ठेवला. काकूंचे दोन्ही हात काकांच्या मनगटाला आणि कोपराला असतात. घरात तिसरं माणूस नाही.

मी रोटेशन लॉक केलं. मोबाइल आडवा केला. गुरुवारचा व्हिडिओ लावला आणि ह्या वेळी मधोमध न ओढता पहिल्यापासून बघितला.

आधी चादर. काकूंच्या बांगड्या, त्यांचा अंगठा. मग चित्र उचललं गेलं, एक गिरकी घेतली आणि स्थिर झालं. समोर गणपती होता. भिंतीवरचं कॅलेंडर, चारही कडा नीट चौकटीत. मी आकडे मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग कॅमेरा हळूहळू खाली उतरला. भिंत, पलंगाची कड, काकूंचे हात, त्या हातांतला काकांचा हात. तिथं थांबला. चौकटीबाहेरून काकूंचा आवाज, “आठ, नऊ, दहा, झालं हं, झालं.” मग तितक्याच सावकाश वर. पदर, मान, चेहरा. काकू खाली बघत होत्या, त्यांना काही माहीत नव्हतं. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर थांबला आणि हललाच नाही. काकूंनी हात पुढे करून मोबाइल घेतला तेव्हा व्हिडिओ संपला.

ताईची कॅसेट. मी ताईची कॅसेट बघत होते.

मी उठून दाराला कडी घातली, का घातली ते सांगता येणार नाही, आणि बावीसच्या बावीस व्हिडिओ पहिल्यापासून लावले. पहिल्या चारांत नुसता पंखा आणि छत, मग फोन पडल्याचा आवाज, काकूंचं “अगं बाई”. पाचव्यात चित्र आडवं झालं आणि भिंतीवर भरकटलं. सातव्यात गणपतीचा अर्धा कान सापडला. दहाव्यात अख्खा गणपती, पण हात थरथरत होता. पंधरापासून स्थिर. सहा आठवडे हा माणूस सराव करत होता. पेशंटमध्ये किती सुधारणा झाली हे मोजायचे मी पैसे घेत होते आणि ती मला दुपारी बाराच्या आत पोचत होती.

मग बुधवारचा लावला. मी ‘नाही, काकू’ म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यात सुरुवातीला गणपती नव्हता. गणपती सापडल्यापासून तेवढ्या एका व्हिडिओत नव्हता. फोन उचलला गेला तो थेट काकूंच्या चेहऱ्यावर. काकू आकडे मोजत रडत होत्या. सहानंतर परत सहा म्हणत होत्या. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून गाल खांद्याला पुसत होत्या. कॅमेरा चार मिनिटं त्यांच्या चेहऱ्यावर होता आणि सबंध वेळ हलत होता.

त्याच व्हिडिओवर मी लिहिलं होतं, तुम्हाला नाही बघायचं म्हणून. माझीच मला इतकी लाज वाटली की मी आरशासमोरून जाताना मान खाली घातली.

साडेपाचला मी गव्हाण्यांच्या दारात होते. पुढच्या खोलीत दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या. काकू काकांचे सदरे घडी करत होत्या.

“मॅडम? आत्ता कशा काय?”

“काकू, बसा. हे बघा.”

“आडवा आलाय का परत?”

“बसा आधी.”

रोटेशन लॉक केलेला माझा मोबाइल मी त्यांच्या हातात आडवा दिला आणि गुरुवारचा व्हिडिओ लावला. काकूंनी गणपती बघितला, हात बघितले, स्वतःचा चेहरा बघितला. “हे कुणी काढलं?” त्यांनी विचारलं. त्यांनी पलंगाकडे बघितलं नाही. मोबाइलकडेच बघत राहिल्या. मी बुधवारचा लावला. तो सुरू झाला तसा त्यांनी पदर तोंडावर दाबला.

“मला वाटायचं, चमच्यासारखा नुसता हातात धरून बसतात,” त्या म्हणाल्या. “किती म्हातारी दिसायलेय मी.” आणि मग एकदम पलंगाकडे वळून, अगदी भांडल्यासारख्या, “जन्मभर काढलं नाहीत! आणि आत्ता, हा असला अवतार असताना काढताय व्हय?”

काका त्यांच्याकडे बघत होते. नेहमीसारखेच. ते बघणं वेगळं होतं असं मी म्हणणार नाही. मी दीड महिना न बघितलेली गोष्ट आता मला दिसायला लागली, असं सोंग मला करायचं नाही. माझी अजून खात्री नव्हती. शेवटी ते मोबाइलमधले व्हिडिओ होते. मला डोळ्यांनी बघायचं होतं.

मी काकूंचा मोबाइल घेतला. त्या रोज करतात तसाच गादीवर सपाट ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं आणि काकांच्या डाव्या तळहाताशी सरकवला. ह्या वेळी तोंडानं एक अक्षर बोलले नाही. मागे सरकून भिंतीला टेकून उभी राहिले.

काकांची बोटं मिटली. अंगठा पाठीमागून फिरला आणि फोन आडवा झाला. असा सहज, जशी आपण कुलपात किल्ली फिरवतो. फोन वर आला, डोळ्यांपासून वीतभर लांब थांबला. काकांचा चेहरा दगडासारखा होता, पण डोळे पडद्यावर होते आणि ते काम करणाऱ्या माणसाचे डोळे होते.

कॅमेरा समोरच्या भिंतीकडे गेला आणि तिथंच थांबला.

खाली येईना. मी दहा मोजले, वीस मोजले. काकूही बघत होत्या. कॅमेरा जरा डावीकडे गेला, उजवीकडे आला, परत मधे येऊन थांबला. काकांच्या घशातून एक आवाज आला. एवढ्या आठवड्यांत मी तो ऐकला नव्हता.

मी भिंतीकडे बघितलं. नुसता खिळा होता.

“अगं बाई,” काकू म्हणाल्या. “गणपती मी बॅगेत ठेवला. तिकडं ह्यांच्या डोळ्यासमोर असावा म्हणून.”

त्या उठल्या. पाठ धरून बॅगेपाशी खाली बसल्या, सदरे बाजूला केले, तळातून कॅलेंडर काढलं. त्याची गुंडाळी केलेली होती. त्यांनी ती उलटी गुंडाळून सरळ केली, खुर्चीचा आधार घेत उभ्या राहिल्या आणि ते खिळ्याला अडकवलं. खालचा कोपरा वळत होता, तो हातानं दाबून धरून बाजूला उभ्या राहिल्या.

कॅमेरा गणपतीवर थांबला. मनातल्या मनात मी मोजलं. सहा. मग तो हळूहळू बाजूला सरकला. काकूंच्या हातावर, हातावरून दंडावर, चेहऱ्यावर.

“इकडं बघू का?” काकूंनी मला विचारलं. मी काकांकडे बोट केलं. “अहो, इकडं बघू का?” त्यांनी मग काकांनाच विचारलं, आणि त्या बघत उभ्या राहिल्या.

काकांचे शब्द गेले होते. आलेला शब्द कळत नव्हता आणि आपला शब्द निघत नव्हता. मी त्यांना सगळं शब्दांनी विचारलं आणि शब्दांनी उत्तर आलं नाही म्हणून आत कुणी नाही असं लिहून मोकळी झाले. असं होऊ शकतं हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. माझ्या पिशवीतल्या त्या फॉर्मचे मी तिथंच चार तुकडे केले. आजही नवीन पेशंटसमोर बसले की आधी विचारते, हे काय काम करायचे? मग पुढचं.

रविवारी दहा वाजता सुहास गाडी घेऊन आला. बॅगा रिकाम्या बघून तो दारातच थबकला.

“आई, काय हे? मॅडम, रिपोर्ट?”

“आधी हे बघा,” मी म्हणाले आणि आदल्या संध्याकाळचा, काकूंच्या मोबाइलवरून घेतलेला व्हिडिओ लावून माझा मोबाइल पुढे केला.

त्यानं मोबाइल घेतला आणि सवयीनं स्वतःच आडवा केला. शाळेत असल्यापासून दर सुट्टीत हा मुलगा वडिलांच्या मागे लाइट धरून उभा राहिला होता, हे काकूंनी मला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. व्हिडिओत रिकामा खिळा आला तेव्हा तो “हे काय?” म्हणाला. गणपती आला तेव्हा त्याचे ओठ हलत होते. तोही सहापर्यंत मोजत होता. मग तो खुर्चीत बसला आणि शेवटपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

इकडे काकूंनी आपला मोबाइल काकांच्या हातात दिला होता. सुहासनं मान वर केली तेव्हा तो त्याच्यावर रोखलेला होता. चार महिने तो येईल तेव्हा ह्या खोलीत वडिलांसमोर उभा राहून ‘ह्यांना कळतं का’, ‘ह्यांना हलवू या’ असंच बोलत आला होता. आम्ही सगळेच तसं बोलत होतो.

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. पडद्याकडे बघणाऱ्या वडिलांकडे, मग पलंगामागच्या बंद खिडकीकडे बघितलं.

“पप्पा,” तो म्हणाला, “लाइट कमी पडतोय.”

आणि उठून त्यानं खिडकी उघडली.